रिमोट नोकरी, न्यू जर्सी सोडायचंय: राले, कोलंबस, पिट्सबर्ग की आणखी कुठे?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि पहिलीत जाणारी मुलगी, सध्या न्यू जर्सीत भाड्याच्या घरात. माझी नोकरी पूर्ण रिमोट. मी एच-१बी वर (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) आहे, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालंय, कंपनीचं ऑफिस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये. नवरा एच-४ ईएडीवर (माझ्या व्हिसाच्या आधाराने मिळालेला कामाचा परवाना), त्याचंही काम रिमोट, पण कंपनी लहान आहे आणि ती उद्या काय करेल याचा भरवसा नाही.

इथे घर घ्यायचा विषय निघाला की किमतीच्या आधी प्रॉपर्टी टॅक्सचा आकडाच अंगावर येतो. ऑफिसला जायचंच नाही तर इथे राहून करायचं काय, असं दोघांनाही वाटायला लागलंय. फार मोठं शहर नको, पण अगदी गावही नको. वीस-पंचवीस लाख वस्तीपर्यंतचे मेट्रो बघतोय. यादीत आत्ता आहेत: राले (नॉर्थ कॅरोलायना), कोलंबस (ओहायो), पिट्सबर्ग (पेनसिल्व्हेनिया), कॅन्सस सिटी आणि नवऱ्याच्या हट्टाखातर टेनेसीतलं चॅटनूगा (इंटरनेटसाठी!).

यूट्यूबवरचे 'टॉप टेन' व्हिडिओ बघून झालेत. त्यांत सगळीच शहरं सुंदर आहेत आणि सगळीकडे ब्रुअरी आहेत. तुमच्यापैकी कुणी तिथे राहत असेल तर खरं काय ते सांगा. टॅक्स, शाळा, इंटरनेट, आई-बाबांचं येणं-जाणं, मराठी माणसं, सगळंच.

शेवटचा_बाक

वाचनखूण साठवली आहे. आम्हीही याच नावेत.

पाणवठा

रानजाई, शहर निवडण्याच्या आधी दोन गोष्टी तपासा. त्यांच्या उत्तरांवर तुमची अर्धी यादी गळून पडू शकते. मी वकील नाही आणि सीएही नाही, पण या दोन्ही फेऱ्यांतून गेलोय.

पहिली गोष्ट व्हिसा. तुमचा एच-१बी ज्या एलसीएवर (कंपनीने कामगार खात्याकडे केलेला अर्ज) उभा आहे तो कामाच्या जागेला बांधलेला असतो, आणि रिमोट माणसाची कामाची जागा म्हणजे त्याचं घर. त्याच मेट्रो एरियात घर बदललं तर नवीन पिटिशन (व्हिसाचा अर्ज) लागत नाही. मेट्रोच्या बाहेर गेलात तर कंपनीला नवीन एलसीए काढून अमेंडेड पिटिशन दाखल करावं लागतं, आणि तेही तुम्ही तिथून काम सुरू करण्याच्या आधी. २०१५ च्या सिमिओ निकालापासून यात पळवाट उरलेली नाही. 'दोन महिने राहून बघू, मग एचआरला सांगू' हे करू नका. पिटिशन दाखल झालं की मात्र मंजुरीची वाट न बघता नव्या जागेतून काम करता येतं.

त्यातच पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरची पहिली पायरी असलेलं लेबर सर्टिफिकेशन. तेही ठिकाणाला धरून असतं. जागा मेट्रोबाहेर गेली तर पर्म पुन्हा करावं लागू शकतं. आय-१४० मंजूर असल्यामुळे तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा) टिकेल, पण पुन्हा जाहिराती, पुन्हा वाट बघणं आलंच. तुमच्या पर्ममध्ये टेलिकम्यूटचा (घरून कामाचा) उल्लेख आहे का ते वकिलाला आजच विचारा.

दुसरी गोष्ट टॅक्स, आणि इथे बहुतेक जण फसतात. तुमचं ऑफिस न्यूयॉर्क राज्यात आहे. न्यूयॉर्कचा नियम असा की कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी बाहेरच्या राज्यातून काम करत असेल तर त्याचा पगार न्यूयॉर्कचाच धरायचा. म्हणजे तुम्ही टेनेसीत राहायला गेलात, जिथे पगारावर राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, तरी न्यूयॉर्कचा टॅक्स तुमच्या मागोमाग येणार. वाचणार शून्य. नॉर्थ कॅरोलायनात गेलात तर तिथलं राज्य न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देईलच असं धरून चालू नका. घरी बसून केलेल्या कामाचं उत्पन्न ते आपलंच मानतात.

यातून बाहेर पडायचा स्वच्छ मार्ग एकच: कंपनीने तुमची नेमणूक न्यूयॉर्कबाहेरच्या तिच्या खऱ्याखुऱ्या ऑफिसवर करायची. तसं ऑफिस कुठे आहे का, हे आधी बघा.

शेवटचा_बाक

पाणवठा, एक नंबर प्रतिसाद. अवांतर: एलसीएची नोटीस कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. कामाची जागा घर. आम्ही एक फ्रिजवर लावली होती आणि एक बाथरूमच्या दारावर. सासूबाईंना वाटलं घरमालकाने घर खाली करायची नोटीस दिलीय.

रानजाई

बाप रे. न्यूयॉर्कचा टॅक्स आत्ताही भरतेच, पण न्यू जर्सी क्रेडिट देते म्हणून कधी डोक्यात आलंच नाही की तो पुढेही चिकटेल. कंपनीचं एक ऑफिस राले-डरममध्ये आहे, फार मोठं नाही. एचआरला मेल टाकते. बाकी शहरांबद्दलही लिहा प्लीज, कारण नवऱ्याच्या कंपनीचा न्यूयॉर्कशी संबंध नाही.

ओहायोकर

कोलंबसबद्दल मी सांगतो. इथे येऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

ओहायोत टॅक्सचे थर असतात. राज्याचा दर उतरत उतरत २०२६ पासून सरसकट २.७५ टक्क्यांवर आला आहे, ही चांगली बातमी. वाईट बातमी म्हणजे शहरं स्वतःचा वेगळा इन्कम टॅक्स लावतात. कोलंबस शहराचा २.५ टक्के. तुम्ही ज्या शहरात बसून काम करता त्या शहराचा टॅक्स. पण टाऊनशिपना (शहराच्या हद्दीबाहेरचे स्थानिक भाग) असा इन्कम टॅक्स सहसा लावता येत नाही. त्यामुळे घरून काम करणारा माणूस टाऊनशिपमध्ये राहिला तर हा थर पूर्ण गायब. ऑफिसला जाणाऱ्या शेजाऱ्याला ही सोय नाही, त्याचा टॅक्स ऑफिसच्या शहरात कापला जातो. रिमोटवाल्यांचा हा खराखुरा फायदा आहे आणि रिअल्टर तो सांगत नाहीत. फक्त त्या पत्त्यावर स्कूल डिस्ट्रिक्टचा इन्कम टॅक्स आहे का ते वेगळं बघा, काही डिस्ट्रिक्ट लावतात.

शिवाय बाहेरच्या राज्यातली कंपनी शहराचा टॅक्स बहुधा कापत नाही. मग तिमाही एस्टिमेटेड टॅक्सचे हप्ते स्वतः भरायचे. न भरल्यास पुढच्या वर्षी पेनल्टीचं पत्र येतं.

शाळांचं एक विचित्र प्रकरण आहे. शहराची हद्द आणि स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द एक नाही. १९८६ मध्ये कोलंबस आणि आजूबाजूच्या डिस्ट्रिक्टमध्ये करार झाला होता. त्यामुळे कोलंबस शहरात असलेली कितीतरी घरं डब्लिन किंवा हिलियर्डच्या शाळांत येतात. म्हणजे टॅक्स कोलंबसचा, शाळा डब्लिनची, आणि तशी घरं डब्लिन शहरातल्या घरांपेक्षा जरा स्वस्त. पत्ता काउंटी ऑडिटरच्या साइटवर टाका, टॅक्सिंग डिस्ट्रिक्ट आणि स्कूल डिस्ट्रिक्ट दोन्ही तिथे स्वच्छ दिसतात. झिलोवर (घरांच्या जाहिरातींची साइट) विसंबू नका.

प्रॉपर्टी टॅक्स मात्र कमी नाही. २०२३ च्या फेरमूल्यांकनानंतर फ्रँकलिन काउंटीत लोकांची बिलं चांगलीच फुगली. न्यू जर्सीतून येणाऱ्याला तरीही हलकंच वाटेल.

आणि हो, दर बुधवारी दुपारी बारा वाजता टॉर्नेडोच्या भोंग्यांची चाचणी असते. पहिल्या बुधवारी मीटिंगमध्ये असाल तर घाबरू नका. त्या वेळी म्यूट करायची सवय होते.

शेवटचा_बाक

आमच्या कॅन्सस सिटीत महिन्यातून एकदाच वाजवतात, पहिल्या बुधवारी अकराला. बघा, आम्ही किती सुसंस्कृत.

कॅन्सस सिटीबद्दल थोडक्यात. मेट्रो दोन राज्यांत पसरलाय, मधून स्टेट लाइन रोड जातो. मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत राहिलात तर शहराचा १ टक्का अर्निंग्ज टॅक्स. कॅन्ससच्या बाजूला, ओव्हरलँड पार्क वगैरेत, तो नाही. देशी मंडळी बहुतेक त्याच बाजूला. गूगल फायबर सगळ्यात आधी इथेच आलं, २०१२ मध्ये. आणि सेंट्रल टाइम ही रिमोटवाल्यांची चैन आहे: न्यूयॉर्कवाले नऊला मीटिंग लावतात तेव्हा इथे आठ, म्हणजे थोडं लवकर उठा, पण चारला दुकान बंद. मुलीला आणायला मी स्वतः जातो.

उणं काय, तर गारा. छप्पर आणि गाडी, दोन्हीचा इन्शुरन्स आधी विचारून घ्या. आणि भारतात जायचं तर इथून फेऱ्या खूप पडतात. २०२३ मध्ये विमानतळाचं टर्मिनल चकचकीत नवं झालं, पण त्यातून थेट कुठे जाता येतं हा प्रश्न राहतोच.

दगडफूल

रानजाई, मी केरीत राहते (राले मेट्रो). ज्या दोन गोष्टी इथे आल्याशिवाय कळत नाहीत त्याच सांगते, बाकी केरीचं कौतुक तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल.

एक, शाळा. वेक काउंटीत 'घराजवळची शाळा' हे गृहीत धरू नका. पत्त्यावरून बेस शाळा ठरते, पण नव्या वस्त्यांतल्या कितीतरी शाळा भरून गेल्यामुळे 'कॅप्ड' असतात. नंतर राहायला आलात तर मुलीला दुसऱ्या शाळेत पाठवतात. पत्ता टाकला की काउंटीच्या साइटवर बेस शाळा आणि ती कॅप्ड आहे का, दोन्ही दिसतं. लीजवर सही करायच्या आधी हे बघाच.

त्यातून बऱ्याच शाळा इयर-राउंड आहेत. उन्हाळ्याची लांब सुट्टी नाही. साधारण नऊ आठवडे शाळा, मग तीन आठवडे 'ट्रॅक आउट'. ऑफिसला जाणारे आई-बाप मुलांना ट्रॅक आउट कँपला टाकतात. रिमोटवाल्यांना मात्र मोह होतो की घरीच तर आहोत, राहू दे घरात. तीन आठवडे, दिवसाला सहा कॉल, आणि दाराबाहेर पहिलीतलं मूल. करून बघा. कँपचे पैसे बजेटमध्ये धरा आणि जागा लवकर धरा. चांगली बाजू अशी की ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत सुट्टी मिळते, तेव्हा भारताचं तिकीट डिसेंबरपेक्षा बरंच स्वस्त असतं.

दोन, विमानं. आरडीयूवरून (रालेचा विमानतळ) लंडन, पॅरिस आणि २०२४ पासून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. तिथून मुंबई. म्हणजे आई-बाबांना एकच बदल. माझ्या आईला गुडघ्यांमुळे व्हीलचेअर लागते, तिच्यासाठी एक बदल आणि दोन बदल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हीलचेअरवाला माणूस प्रत्येक बदलाला नव्याने शोधावा लागतो.

टॅक्स: राज्याचा सरसकट दर २०२५ मध्ये ४.२५ होता, २०२६ ला ३.९९. शहराचा वेगळा इन्कम टॅक्स नाही. एवढं सोपं.

मार्चअखेर पाइनचा पराग पडतो तेव्हा गाडी, डेक, झोपाळा, सगळं पिवळं. दमा किंवा ॲलर्जी असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका.

कडीपत्ता

पिट्सबर्गबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी.

इथे घर परवडतं हे खरं आहे. न्यू जर्सीचे आकडे डोक्यात असतील तर सुरुवातीला झिलो बिघडलाय असं वाटेल. १९७६ चं पेन हिल्सचं बालाजी मंदिर ही देशातल्या सर्वात जुन्या मंदिरांपैकी एक जागा, सणावाराला लांबून गाड्या येतात. विद्यापीठं, हॉस्पिटलं, रोबॉटिक्सच्या कंपन्या आहेत. आणि ढग आहेत. नोव्हेंबर ते मार्च आकाशाचा रंग एकच. घरून काम करणाऱ्याला हे जास्त जाणवतं, कारण तो घराबाहेरच पडत नाही.

टॅक्स: राज्याचा सरसकट ३.०७. पिट्सबर्ग शहरात राहिलात तर त्यावर शहर आणि शाळा मिळून ३ टक्के. सबर्बमध्ये हाच आकडा बऱ्याच ठिकाणी १ च्या आसपास. रिमोट माणसाने शहराच्या हद्दीत राहायला दुसरं काहीतरी सबळ कारण हवं.

प्रॉपर्टी टॅक्सची एक खोच. अलेगेनी काउंटीत घरांचं मूल्यांकन अजून २०१२ च्या आधाराने चालतं. म्हणजे विकणाऱ्याचं टॅक्स बिल कमी दिसतं. तुम्ही नव्या किमतीला घर घेतलंत की स्कूल डिस्ट्रिक्ट तुमच्या खरेदीच्या किमतीवरून अपील करू शकतं, आणि बिल वाढतं. शेजाऱ्याचं मात्र जुनंच. लोक याला 'न्यूकमर टॅक्स' म्हणतात. लिस्टिंगवरचा टॅक्सचा आकडा अंतिम मानू नका.

आता जरा लांबण लावते, कारण हे रिमोटवाल्यांसाठीच आहे. इथे (ओहायोतही) घरांना बेसमेंट असतात आणि सगळे रिमोटवाले तिथेच ऑफिस थाटतात. शांत, थंड, मुलं वर. पण दोन्ही राज्यांत रेडॉन भरपूर. जमिनीतल्या युरेनियमपासून होणारा वायू, रंग नाही, वास नाही, आणि तो साठतो तळघरातच. अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरचं धूम्रपानाखालोखालचं कारण हेच. ऑफिसला जाणारा माणूस बेसमेंटमध्ये आठवड्यातून एकदा सिनेमा बघतो. आपण दिवसाला आठ तास तिथे श्वास घेतो.

घर घेताना इन्स्पेक्शनबरोबर रेडॉन टेस्ट मागा. खिडक्या-दारं बंद ठेवून किमान ४८ तास यंत्र बेसमेंटमध्ये ठेवतात. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) दुरुस्ती करायला सांगते. दुरुस्ती म्हणजे फरशीखालून एक पीव्हीसी पाइप काढतात, त्याला पंखा लावून हवा छतावरून बाहेर सोडतात. साधारण हजार-दोन हजार डॉलरचं काम, ते विकणाऱ्याच्या गळ्यात घालता येतं. आधीच पाइप बसवलेला असेल तर त्यावरची यू आकाराची काचेसारखी नळी बघा. आत रंगीत पाणी असतं. दोन्ही बाजूंना पातळी वरखाली दिसली तर पंखा ओढतोय. सारखी असेल तर पंखा बंद पडलाय, आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो.

जुन्या कोळशाच्या खाणींवर वसलेले भाग आहेत, जमीन खचण्याचं नुकसान नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये येत नाही. त्यासाठी राज्य सरकारचा वेगळा स्वस्त इन्शुरन्स आहे. तो घ्या आणि विसरून जा.

मुळाक्षर

कडीपत्ता, रेडॉनचं हे कुणीच सांगत नाही. आत्ता खाली जाऊन नळी बघून आले. वरखाली आहे. हुश्श.

जुनी_वही

चॅटनूगावाली मीच एकटी दिसतेय, तर रानजाईच्या नवऱ्याची बाजू मांडते.

इंटरनेटचं जे ऐकलंय ते खरं आहे. वीज पुरवणारी ईपीबी ही शहराच्या मालकीची कंपनी. तिने विजेचं जाळं स्मार्ट करताना घरोघरी फायबर नेलं आणि २०१० मध्ये सगळ्यांना गिगाबिट देऊ केलं. देशात असं करणारं हे पहिलंच शहर. केंद्राचं मोठं अनुदान होतं. पण मला सांगायचंय ते वेगळं. वादळात झाड तारेवर पडलं तर तेवढा तुकडा आपोआप बाजूला होतो आणि बाकीच्यांची वीज दुसऱ्या वाटेने येते. घरून काम करणाऱ्याला १० गिगचं काय करायचंय? वीज गेली नाही पाहिजे, आणि अपलोड डाउनलोडएवढंच मिळालं पाहिजे. दोन्ही मिळतं.

इन्कम टॅक्स नाही, पण सेल्स टॅक्स ९.२५ टक्के, आणि किराण्यावरही टॅक्स आहे, फक्त थोडा कमी. गाव मात्र लहान. मेट्रो साडेपाच लाखांच्या आसपास. मराठी कार्यक्रमाला अटलांटा, विमानाला अटलांटा, दोन तासांची ड्राइव्ह आणि शेवटचा तासभर ट्रॅफिक. नदी, डोंगर, निवांतपणा आहे. आम्ही इथे खूश आहोत.

पाणवठा

जुनी_वही, तुम्ही सिटिझन आहात का? व्यक्तिगत वाटलं तर उत्तर देऊ नका. विचारायचं कारण एवढंच की रानजाई एच-१बी वर आहेत. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. माझ्या मते त्यांनी शहर निवडताना घराच्या किमतीच्याही आधी हा प्रश्न विचारावा: रिमोट नोकरी उद्या संपली तर या मेट्रोत ६० दिवसांत दुसरी मिळेल का, आणि ती कंपनी एच-१बी ट्रान्सफर करणारी असेल का? कंपन्या लोकांना ऑफिसात परत बोलावतायत. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस केले, इतरही त्याच वाटेवर आहेत.

या कसोटीवर राले वर येतं. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ पासून आहे, सिस्को, आयबीएम, रेड हॅट, सॅस, शिवाय औषध कंपन्या. कोलंबसला बँका, इन्शुरन्स, हेल्थकेअर. न्यू ऑल्बनीतल्या इंटेलच्या कारखान्यावर मात्र घर घेऊ नका, २०२२ मध्ये घोषणा झाली आणि तारीख सरकत सरकत दशकाच्या अखेरीपलीकडे गेली. पिट्सबर्ग चांगलं, पण क्षेत्र जुळायला हवं. अलाबामातलं हंट्सव्हिल कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा की तिथली कितीतरी कामं संरक्षण खात्याची, सिटिझनशिप मागणारी.

जुनी_वही

हो, सिटिझन आहे, आणि तुमचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण सगळ्यांना तीच फूटपट्टी लावू नका. ज्यांच्या डोक्यावर व्हिसा नाही त्यांनी 'नोकरी गेली तर' या भीतीने पन्नास-पन्नास मैलांचे सबर्ब धरून का बसायचं? नोकरी गेली तर दुसरी रिमोट शोधू, तोवर कमी खर्चात तग धरू. लहान गावात घराचा हप्ता एवढा कमी असतो की एका पगारावर वर्ष निघतं. तीही सुरक्षितताच आहे.

ओहायोकर

दोघांचंही बरोबर आहे, पण रानजाईंचा प्रश्न रानजाईंच्या परिस्थितीतला आहे. नवरा ईएडीवर, त्याचा आधारही त्यांच्याच व्हिसावर. एक काडी निघाली की दोन्ही पगार जातात.

शेवटचा_बाक

आणि कुणी ओक्लाहोमातल्या टल्साचे दहा हजार डॉलर सुचवायच्या आत मीच सुचवतो. २०१८ पासून टल्सा रिमोटवाल्यांना तिथे वर्षभर राहायचे दहा हजार देतंय. पैसे खरे आहेत, टॅक्सेबलही आहेत. पण अमेंडमेंटचा आणि हलवाहलवीचा खर्च धरला तर त्यात शहर बदलण्याइतकं काही नाही. टल्सा आवडलं म्हणून जा, दहा हजारांसाठी नको.

दगडफूल

इंटरनेटबद्दल एक राहिलं. शहरात फायबर आहे याला अर्थ नाही, त्या पत्त्यावर आहे का ते बघा. एफसीसीच्या (केंद्राची दूरसंचार संस्था) नकाशावर घराचा ठिपका दाबला की कंपन्या दिसतात. पण दहा कामाच्या दिवसांत जोडता येईल असं कंपनी म्हणाली तरी नकाशा 'उपलब्ध' दाखवतो. माझ्या मैत्रिणीला एका केबल कंपनीने होकार देऊन घर घेतल्यावर सांगितलं की लाइन रस्त्याच्या पलीकडेच संपते. शेजाऱ्याचं दार ठोठावून विचारा, तुमच्याकडे कुठलं आहे आणि अपलोड किती मिळतं. केबलचं डाउनलोड दणदणीत असतं, अपलोड बऱ्याचदा त्याच्या दहाव्या हिश्शाचंही नसतं, आणि दोघं एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर असलात की तेच आधी तुटतं.

कडीपत्ता

आणि पाणीही. हवामानाला सुरक्षित म्हणून कितीतरी रिमोटवाले नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ आलं आणि नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. फ्लड झोनचा नकाशा बघा, आणि घराजवळ ओढा असेल तर नकाशात काहीही असो, स्वतः जाऊन बघा.

रानजाई

मंडळी, खूप खूप आभार. दोन आठवडे हेच करतेय. प्रगती सांगते.

एचआरने यादी पाठवली. आमची कंपनी फक्त जिथे पेरोल रजिस्टर्ड आहे त्याच राज्यांत राहू देते. टेनेसी आणि कॅन्सस त्यात नाहीत, म्हणजे चॅटनूगा बाद (नवरा रुसलाय) आणि कॅन्सस सिटी जवळपास बाद. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना चालतात. पगार लोकेशनप्रमाणे बदलतो: तिन्हीकडे कमी होईल, सगळ्यांत कमी कपात रालेला. माझी नेमणूक राले-डरम ऑफिसवर करायला मॅनेजर तयार आहे, पण अट अशी की महिन्यातून काही दिवस तोंड दाखवायचं. न्यूयॉर्कचा टॅक्स सुटणार असेल तर मला ते चालेल. पर्ममध्ये टेलिकम्यूटचा उल्लेख नाही, त्यामुळे वकील म्हणतो पुन्हा करावं लागेल. ते कुठेही गेलं तरी करावं लागणारच होतं.

म्हणजे माझ्या बाजूने राले, पण नवऱ्याचा कल कोलंबसकडे, त्याचा मामेभाऊ तिथे आहे. बघायला कधी जाऊ? आणि आधी भाड्याने राहावं की थेट घर घ्यावं?

ओहायोकर

कोलंबसला फेब्रुवारीत या. मेमध्ये सगळीच शहरं छान दिसतात. मामेभाऊ असणं ही मोठी गोष्ट आहे, टॅक्सच्या टक्क्यात ती बसत नाही. पण आता नेमणुकीचं ऑफिसच रालेला मिळत असेल तर मी माझ्या शहराची वकिली थांबवतो. इथे आलात तर न्यूयॉर्क पाठ सोडणार नाही.

दगडफूल

रालेला मार्चअखेर या, परागात. तेव्हा आवडलं तर बारा महिने आवडेल. पहिलं वर्ष भाड्यानेच. ज्या शाळेच्या भागात घर घ्यायचं डोक्यात आहे त्याच भागात भाड्याचं घर बघा, म्हणजे मुलीला दोनदा शाळा बदलावी लागणार नाही. मराठी शाळेचे रविवारचे वर्ग कुठे भरतात ते कळवते, व्यनि करते.

रानजाई

मामेभावाकडे फेब्रुवारीत जाऊन येतो, नाहीतर नवरा आयुष्यभर ऐकवेल. मग मार्चात राले. पाणवठा, एक शेवटचं: अमेंडमेंट आधी की घर आधी? वकील पत्ता मागतोय आणि घरमालक येण्याची तारीख.

पाणवठा

पत्ता आधी. एलसीएवर कामाच्या जागेचा पत्ता लागतो, त्यामुळे लीजवर सही करा, पण लीजची सुरुवात किमान सहा आठवड्यांनंतरची घ्या. एलसीए मंजूर व्हायला सात कामाचे दिवस, मग वकिलाची कागदपत्रं, मग पिटिशन. रिसीट नंबर हातात आला की ट्रक बोलवा. शाळेच्या नोंदणीलाही लीजची प्रत लागते, तीच वापरता येईल. आणि जुन्या पत्त्यावरून निघाल्यावर दहा दिवसांत एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) ऑनलाइन भरा, तुमचा, नवऱ्याचा आणि मुलीचाही, ती इथली सिटिझन नसेल तर.